अमेरिकेतून परतताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही. मग निघाल्याची नोंद कुठे होते? मुलांकडे जाऊन येणाऱ्या आई-वडिलांसाठी सविस्तर माहिती

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला आणि आई-वडील इकडे गावात, अशी घरं आता जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत. लेकीचं बाळंतपण, नातवाचा पहिला वाढदिवस किंवा नुसतीच सुट्टी म्हणून हे आई-वडील चार-सहा महिने तिकडे जाऊन येतात. जाताना कागदांची तयारी महिनोन् महिने चालते. व्हिसाचा अर्ज, मुंबईतली मुलाखत, बँकेचे कागद, सगळं नीट जुळवलं जातं. परत येताना मात्र तिकीट आणि पासपोर्ट घेतला की झालं, असा समज असतो.

घरी आल्यावर कुणीतरी पासपोर्ट चाळतं आणि विचारतं, "अमेरिकेतून निघाल्याचा शिक्का कुठाय?" शिक्का नसतोच. मग घरात काळजी सुरू होते. आपण निघालो हे त्यांना कळलं का? पुढच्या वेळी अडवतील का?

शिक्का नसणं ही चूक नाही. अमेरिकेत विमानाने बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारायची पद्धतच नाही. पण निघाल्याची नोंद होते, आणि ती ठरलेल्या तारखेच्या आत झाली की नाही यावर पुढचा व्हिसा अवलंबून असतो. ही तारीख कोणती, ती कुठे पाहायची आणि कोणते कागद जपायचे, ते पाहू.

व्हिसाची तारीख वेगळी, मुक्कामाची तारीख वेगळी

सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. भारतीयांना मिळणारा बी-१/बी-२ हा पर्यटक व्हिसा बहुतेक वेळा १० वर्षांचा असतो. पासपोर्टमध्ये चिकटवलेल्या त्या कागदावर दहा वर्षांनंतरची तारीख दिसते. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की दहा वर्षं कितीही दिवस राहिलं तरी चालतं.

तसं नाही. व्हिसा म्हणजे अमेरिकेच्या दारापर्यंत जाऊन 'आत येऊ का' असं विचारायची परवानगी. आत आल्यावर किती दिवस राहायचं, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. हा अधिकारी कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन, म्हणजे 'सीबीपी' या खात्याचा असतो. पर्यटक व्हिसावर साधारणपणे ६ महिन्यांचा मुक्काम मिळतो. पण अधिकारी त्यापेक्षा कमी दिवसही देऊ शकतो.

ज्या तारखेपर्यंत राहायला परवानगी मिळाली, ती तारीख 'आय-९४' नावाच्या नोंदीत लिहिलेली असते. परतीचं तिकीट याच तारखेच्या आतलं हवं.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. मुक्काम चालू असताना व्हिसाची मुदत संपली, पण आय-९४ ची तारीख अजून पुढे आहे, तर घाबरायचं कारण नाही. त्या तारखेपर्यंतचं राहणं कायदेशीरच असतं.

आय-९४ म्हणजे काय?

पूर्वी हा खरोखरचा कागद होता. विमानात एक कार्ड भरायला द्यायचे. अधिकारी त्याचा अर्धा भाग पासपोर्टला जोडून द्यायचा आणि परत निघताना विमान कंपनीची माणसं तो काढून घ्यायची. तो कागद परत दिला की निघाल्याची नोंद व्हायची. २०१३ पासून विमानाने आणि जहाजाने येणाऱ्यांसाठी हे सगळं संगणकावर गेलं. आता हातात कागद मिळत नाही. नोंद सरकारी संकेतस्थळावर असते आणि ती आपली आपण पाहायची असते.

हल्ली अमेरिकेत आत जातानाही बऱ्याच ठिकाणी पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. म्हणजे जाताना शिक्का नाही, येतानाही शिक्का नाही. अशा वेळी आपली खरी तारीख कळण्याची जागा एकच, ती म्हणजे ऑनलाइन आय-९४.

मोबाईलवर आय-९४ कसा पाहायचा?

अमेरिकेत पोहोचल्यानंतर दोन-चार दिवसांत हे काम करून टाकावं. मुलांना सांगितलं तर ते पाच मिनिटांत करून देतात. स्वतः करायचं असेल तर पायऱ्या अशा:

१. सीबीपीचं आय-९४ चं संकेतस्थळ उघडावं. पत्त्याच्या शेवटी 'डॉट जी-ओ-व्ही' आहे ना, हे आधी पाहावं. अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळांची ती खूण आहे. शोधताना वर दिसणारी काही खासगी संकेतस्थळं याच कामाचे पैसे मागतात. सरकारी ठिकाणी आपली नोंद पाहायला पैसे लागत नाहीत.

२. 'सर्वात अलीकडचा आय-९४ मिळवा' या अर्थाचा पर्याय निवडावा.

३. नाव, आडनाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि नागरिकत्वाचा देश भरावा. सगळं पासपोर्टवर जसं आहे तसंच.

४. नोंद उघडली की दाखल झाल्याची तारीख, व्हिसाचा प्रकार आणि 'इथवर राहायला परवानगी' ही तारीख दिसते. या पानाची प्रिंट काढावी. प्रिंटर नसेल तर स्क्रीनशॉट काढून घरच्या दोघा-तिघांना पाठवून ठेवावा.

नोंद सापडत नसेल तर बहुतेक वेळा अडचण नावाची असते. आपल्याकडे स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टच्या एकाच रकान्यात असतं. तेव्हा ही दोन्ही नावं मिळून 'नाव' म्हणून भरून पाहावं, मग फक्त पहिलं नाव भरून पाहावं. पासपोर्टवर नावाचा किंवा आडनावाचा रकाना मोकळाच असेल तर व्हिसावर नाव कसं छापलंय ते पाहून तसं भरावं. काही जुन्या पासपोर्टधारकांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' अशी तीन अक्षरं असतात. नाव उपलब्ध नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तारीख किंवा व्हिसाचा प्रकार चुकीचा पडला असेल तर तो अमेरिकेत असतानाच दुरुस्त करून घ्यावा. त्यासाठी सीबीपीची 'डिफर्ड इन्स्पेक्शन' नावाची कार्यालयं मोठ्या विमानतळांवर किंवा जवळपास असतात. गावी परत आल्यावर हेच काम अवघड होऊन बसतं.

तारीख वाचताना होणाऱ्या चार चुका

पहिली चूक: महिना आणि दिवस उलटा वाचणं. आपल्याकडे आधी दिवस, मग महिना लिहितात. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस. समजा एखादी आजी १० फेब्रुवारीला पोहोचली आणि तिला सहा महिने मिळाले. तिची तारीख ०८/०९ अशी लिहिलेली असेल. ती आहे ९ ऑगस्ट. आपल्या सवयीने ती ८ सप्टेंबर वाचली आणि तसं तिकीट काढलं, तर मुदतीबाहेर ३० दिवस राहणं झालं. तारीख वाचली की महिन्याचं नाव अक्षरात लिहून ठेवावं.

दुसरी चूक: अगदी शेवटच्या दिवसाचं तिकीट. भारताकडे येणारी बरीच विमानं रात्री उशिरा सुटतात. रात्री अकराचं विमान दोन तास रखडलं तर तारीख बदलते. शिवाय हिवाळ्यात बर्फवृष्टीमुळे विमानं रद्द होतात. त्यामुळे मुदतीच्या आधी किमान आठ-दहा दिवस हाताशी ठेवून तिकीट काढलेलं बरं.

तिसरी चूक: पासपोर्टची मुदत न पाहणं. पासपोर्ट चार महिन्यांत संपत असेल तर अधिकारी सहा महिने न देता पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपर्यंतच मुक्काम देऊ शकतो. घरचे मात्र 'सहा महिने मिळतातच' या भरवशावर राहतात. म्हणून निघण्याआधीच पासपोर्टचं नूतनीकरण करून घ्यावं. जुन्या पासपोर्टमध्ये चालू व्हिसा असेल तर जुना आणि नवा, दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवावे लागतात.

चौथी चूक: कॅनडाला जाऊन आलं की सहा महिने पुन्हा सुरू होतात, हा समज. नायगारा धबधबा पाहायला गेलेले बरेच जण पलीकडच्या कॅनडाच्या बाजूला जायचा बेत करतात. त्यासाठी कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, हे एक. आणि दोन दिवसांत परत आल्यावर मुक्कामाचे दिवस आपोआप नव्याने मोजले जात नाहीत. अशी फेरी झाली तर परत आल्यावर आय-९४ पुन्हा उघडून तारीख पाहावी.

जास्त दिवस राहावं लागणार असेल तर

लेकीचं बाळंतपण लांबलं, वडिलांचं ऑपरेशन झालं, प्रवास करू नका असं डॉक्टरांनी सांगितलं, असं होऊ शकतं. अशा वेळी गुपचूप राहू नये. मुक्काम वाढवून मिळावा म्हणून 'आय-५३९' नावाचा अर्ज असतो. तो 'यूएससीआयएस' या खात्याकडे करायचा. त्यात लक्षात ठेवायच्या गोष्टी:

• अर्ज आय-९४ ची तारीख संपण्याच्या आत पोहोचला पाहिजे. शेवटच्या तारखेच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा, असं खातंच सुचवतं.

• जास्त का राहायचंय, खर्च कोण करणार आणि त्यानंतर परत जाणार हे कशावरून, या तिन्हीचे कागद जोडावे लागतात. आजारपण असेल तर डॉक्टरांचं पत्र.

• नवरा-बायको दोघं असतील तर एकाच अर्जात दोघांचा समावेश करता येतो. जोडीदाराचं नाव राहून गेलं नाही ना, हे तपासावं.

• अर्ज वेळेत केला असेल तर निकाल येईपर्यंत थांबता येतं. निकालाला काही महिनेही लागतात. अर्ज नामंजूर झाल्याचं कळलं तर मात्र लगेच निघायची तयारी करावी.

• निकाल येण्याआधीच तुम्ही भारतात परतलात, तर अर्ज मिळाल्याची पावती जपून ठेवावी. जुन्या तारखेनंतरचे दिवस तुम्ही का राहिलात, याचं उत्तर ती पावती देते.

मुदत उलटून गेली तर काय होतं?

तारीख उलटून एक दिवस जरी राहिलं तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द समजला जातो. पासपोर्टमध्ये तो कागद तसाच चिकटलेला दिसतो, पण त्यावर पुन्हा जाता येत नाही. पुढच्या वेळी नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत आणि 'मागच्या वेळी मुदतीत का परतला नाहीत?' या प्रश्नाचं उत्तर.

बेकायदा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त पण एक वर्षापेक्षा कमी झाला आणि मग माणूस देश सोडून गेला, तर ३ वर्षं अमेरिकेत प्रवेशबंदी लागते. एक वर्ष किंवा त्याहून जास्त झाला तर १० वर्षं. साठी-सत्तरीतल्या माणसासाठी दहा वर्षं म्हणजे नातवंडांचं सगळं बालपण. चुकून झालं, तारीख वाचता आली नाही, हे कारण सांगता येतं, पण ते मान्य होईलच असं नाही.

निघण्याच्या दिवशी काय काय होतं?

मुंबईहून जाताना विमानतळावर इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहावं लागतं, तिथे अधिकारी शिक्का मारतो. तिकडून येताना अशी रांग नसते. 'इमिग्रेशन राहिलं' म्हणून पुष्कळ जण गोंधळतात. प्रत्यक्षात क्रम असा असतो:

विमान कंपनीचं काउंटर: इथे पासपोर्ट दाखवायचा, सामान द्यायचं आणि बोर्डिंग पास घ्यायचा. पासपोर्टवरचा तपशील इथे संगणकात जातो आणि विमान कंपनी प्रवाशांची यादी अमेरिकी सरकारला कळवते. तुम्ही निघालात, ही नोंद मुख्यतः या यादीवरून होते. म्हणून तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आणि ज्या पासपोर्टवर आत गेलात, तोच काउंटरवर दाखवावा. मुक्कामात नवा पासपोर्ट काढला असेल तर जुना आणि नवा दोन्ही जवळ ठेवावेत.

सुरक्षा तपासणी: सामान आणि अंगझडती. याचा व्हिसाशी संबंध नाही.

गेट: विमानात चढताना बऱ्याच विमानतळांवर कॅमेऱ्यासमोर उभं करून चेहऱ्याचा फोटो घेतात. २६ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार परदेशी नागरिकांचा फोटो येताना आणि जातानाही घेता येतो. आधी ७९ वर्षांवरच्या लोकांना यातून सूट होती, ती आता नाही. फोटो काढताना टोपी, गॉगल किंवा डोक्यावरचा पदर थोडा बाजूला करायला सांगितलं तर गोंधळून जाऊ नये.

व्हीलचेअर घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. इंग्रजी येत नाही म्हणून अनेक आई-वडील व्हीलचेअर मागवतात, ते सोयीचंच आहे. पण त्या धावपळीत पासपोर्ट आणि बोर्डिंग पास ढकलणाऱ्या माणसाच्या हातात राहतात. प्रत्येक टप्प्यानंतर ते परत मागून गळ्यातल्या पिशवीत ठेवावेत. विमानात बसल्यावर बोर्डिंग पासचा तुकडा कचऱ्यात टाकू नये.

बोर्डिंग पास मोबाईलवर घेतला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढावा. प्रवास संपल्यावर तो ॲपमधून नाहीसा होऊ शकतो. शक्य असेल तर काउंटरवर कागदी बोर्डिंग पास मागून घ्यावा.

दुबई, दोहा, लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे तिकीट असेल तर मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढतानाच विचारावं. अमेरिकेचा व्हिसा मुक्कामातच संपणार असेल तर हे विचारणं जास्तच गरजेचं आहे. काही देश अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्यांनाच सूट देतात.

रोख रक्कम बाळगणाऱ्यांसाठी: दहा हजार डॉलरपेक्षा जास्त रोकड घेऊन अमेरिकेतून निघत असाल तर ती तिथल्या कस्टम्सला आधी लेखी कळवावी लागते. भारतात उतरताना परकीय नोटा पाच हजार डॉलरपेक्षा जास्त असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून दहा हजार डॉलरपेक्षा जास्त असतील, तर तेही जाहीर करावं लागतं. एवढे पैसे बरोबर आणण्यापेक्षा मुलांनी बँकेतून पाठवलेले बरे.

भारतात उतरल्यावर

भारतीय नागरिकांना आता उतरताना फॉर्म भरावा लागत नाही. उतरतानाचं कार्ड मार्च २०१४ पासून आणि विमानाने परदेशी जातानाचं कार्ड जुलै २०१७ पासून बंद झालं. काउंटरवर पासपोर्ट दाखवला की अधिकारी आगमनाचा शिक्का मारतो.

हा शिक्का महत्त्वाचा आहे. अमेरिकेने शिक्का मारला नाही, पण अमुक तारखेला तुम्ही भारतात होतात, याचा हा पक्का सरकारी पुरावा आहे. शिक्का नीट उमटलाय का, तारीख वाचता येते का, हे काउंटर सोडण्याआधी पाहावं. पुसट असेल तर तिथेच नम्रपणे सांगावं. दिल्लीमार्गे पुण्याला येत असाल तर हा शिक्का दिल्लीतच बसतो, कारण भारतात पहिल्यांदा जिथे उतरतो तिथेच इमिग्रेशन होतं.

घरी पोहोचल्यावर आठवड्याभरात करायचं काम

प्रवासाचा शीण उतरला की त्याच आय-९४ च्या संकेतस्थळावर जावं. तिथे 'प्रवासाचा इतिहास' असा पर्याय आहे. त्यात आधीची सगळी माहिती भरली की कोणत्या तारखेला आलात आणि कोणत्या तारखेला गेलात, याची यादी दिसते. निघाल्याची नोंद दिसली की त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. नोंद चढायला काही दिवस लागू शकतात, म्हणून पहिल्याच दिवशी दिसली नाही तर घाबरू नये.

मग एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये हे कागद एकत्र ठेवावेत:

• आय-९४ ची प्रिंट, मुक्कामाच्या तारखेसह

• जाताना आणि येतानाचे बोर्डिंग पास, तिकिटाची प्रत

• पासपोर्टमधील भारतातल्या आगमनाच्या शिक्क्याची झेरॉक्स

• प्रवासाच्या इतिहासाचा स्क्रीनशॉट

• मुदतवाढीचा अर्ज केला असेल तर त्याची पावती आणि निकाल

फाईलच्या पहिल्या पानावर गेल्याची तारीख, परतल्याची तारीख आणि एकूण दिवस लिहावेत. पुढच्या व्हिसा अर्जात, म्हणजे 'डीएस-१६०' या फॉर्ममध्ये, अमेरिकेच्या मागच्या पाच भेटींच्या तारखा आणि प्रत्येक वेळी किती दिवस राहिलात, हे विचारलं जातं. अंदाजे उत्तर देण्यापेक्षा फाईल उघडून लिहिलेलं बरं. बोर्डिंग पासवरची छपाई वर्षभरात उडून जाते, म्हणून त्याचा मोबाईलवर फोटोही ठेवावा.

निघाल्याची नोंद दिसतच नसेल तर

नेहमीच्या प्रवासी विमानाने आला असाल तर फार काळजीचं कारण नाही. विमान कंपनीच्या यादीवरून तुमचं निघणं पडताळता येतं. बोर्डिंग पास जपून ठेवला की पुढच्या वेळी काम लवकर होतं. जुन्या प्रवासातलं कागदी आय-९४ कार्ड अजून पासपोर्टमध्ये सापडलं तरी हेच लागू. ते फाडून टाकू नये, फाईलमध्ये ठेवावं.

अडचण येते ती गाडीने सीमा ओलांडून कॅनडा किंवा मेक्सिकोतून परतणाऱ्यांची. तिथे विमानाची यादी नसते. अशा वेळी आपण निघालो, हे दाखवणारे पुरावे गोळा करून सीबीपीकडे नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. पुढच्या देशात गेल्याचा पासपोर्टवरचा शिक्का, पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास, भारतात परतल्यानंतरचे बँकेचे व्यवहार, तारखेसह पगाराची पावती, असे कागद चालतात. गावातल्या बँकेच्या पासबुकात परतल्यानंतर स्वतः जाऊन केलेला व्यवहार असेल तर तोही उपयोगी पडतो. चुकीच्या नोंदीमुळे पुढे प्रवासात त्रास झाला तर अमेरिकी सरकारची 'डीएचएस ट्रिप' नावाची ऑनलाइन तक्रार व्यवस्था आहे.

'तुमची निघाल्याची नोंद राहिलीय, पैसे भरा, करून देतो' असा फोन किंवा मेसेज आला तर एक रुपयाही देऊ नये. पासपोर्टचा फोटोही पाठवू नये. निघाल्याची नोंद करण्यासाठी प्रवाशाकडून कुणी पैसे घेत नाही.

पासपोर्ट तिकडेच हरवला तर

आधी तिथल्या पोलिसांकडे तक्रार करून तिची प्रत घ्यावी. मग भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. दूतावास वॉशिंग्टनला आहे. न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटल या शहरांत वाणिज्य दूतावास आहेत. मुलगा ज्या राज्यात राहतो ते कोणत्या कार्यालयाखाली येतं, हे आधीच विचारून ठेवावं. वेळ असेल तर नवा पासपोर्ट, आणि तातडीने परतायचं असेल तर 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' मिळतं. त्यावर फक्त भारतात परत येता येतं. परत निघण्यासाठी अमेरिकेचा नवा व्हिसा लागत नाही. पण पुन्हा जायचं असेल तर तो नव्याने घ्यावा लागतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सहा महिने म्हणजे १८० दिवस का?
आपण मोजायचं नाही. आय-९४ वर जी तारीख आहे तीच खरी. १० मेला गेलेल्या माणसाला साधारण ९ नोव्हेंबरची तारीख मिळते.

नवरा-बायको एकत्र गेले तर दोघांची तारीख एकच असते का?
बहुतेक वेळा असते, पण प्रत्येकाचा आय-९४ वेगळा असतो. दोघांचाही पाहावा. एकाचा पासपोर्ट लवकर संपत असेल तर तारखा वेगळ्या येऊ शकतात.

मुदतीआधीच परत आलो तर उरलेले दिवस पुढच्या वेळी वापरता येतात का?
नाही. पुढच्या वेळी नवी मुलाखत, नवा आय-९४ आणि नवी तारीख.

परत आल्यावर दोन महिन्यांत पुन्हा जाता येतं का?
व्हिसा चालू असेल तर जाता येतं. पण लागोपाठ लांबचे मुक्काम दिसले तर 'तुम्ही इथेच राहताय का?' असा प्रश्न अधिकारी विचारू शकतो. भारतात शेती, घर आणि माणसं आहेत, हे तेव्हा पटवून द्यावं लागतं.

थोडक्यात

पोहोचल्यावर आय-९४ पाहा, महिना आधी वाचा, तारखेच्या आठ-दहा दिवस आधीचं तिकीट काढा, बोर्डिंग पास फेकू नका, भारतातला शिक्का नीट उमटलाय का पाहा आणि घरी आल्यावर निघाल्याची नोंद तपासा. ही सहा कामं मोबाईलवर आणि एका फाईलमध्ये होतात. ती केली की पुढच्या वर्षी नातवाने व्हिडिओ कॉलवर "आजी, परत कधी येणार?" असं विचारलं, तर उत्तर देताना व्हिसाची धास्ती राहत नाही.

*(नियम आणि फी बदलत असतात. प्रवासाआधी सीबीपी आणि यूएससीआयएस यांच्या सरकारी संकेतस्थळांवरची ताजी माहिती पाहून घ्यावी.)*